हजारात दोघांचा नाताळ

बायबलातल्या याकोबाने आपल्या लाडक्या मुलाला, योसेफाला, पायघोळ झगा करून दिला आणि थोरल्या भावांचं त्याच्याशी धड बोलणंच बंद झालं. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट आम्हांला मत्सराचे दुष्परिणाम म्हणून शिकवली जायची. योसेफ चांगला, दहा भाऊ वाईट. मला ते तेव्हाही पटायचं नाही. घर भरून मुलं असताना एकालाच झगा शिवायचा, सगळ्यांसमोर तो त्याच्या अंगावर चढवायचा, आणि बाकीच्यांनी तोंड पाडू नये अशी अपेक्षा ठेवायची? पुढे त्या भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलं, चांदीच्या वीस नाण्यांना विकलं, त्याचं समर्थन कोणीच करणार नाही. पण एवढ्या मोठ्या दुःखाची सुरुवात बापाने प्रेमाने दिलेल्या भेटीपासून झाली, तिथे वर्गात कोणी क्षणभरही थांबत नसे.

आता मी स्वतः बालवाडीत शिकवते आणि डिसेंबर आला की तो झगा मला हमखास आठवतो. माझ्या धाकट्या भावाची दोन मुलं आहेत. मुलगी येत्या मार्चमध्ये सहा पूर्ण करील. मुलाला ऑगस्टमध्ये चौथं संपून पाचवं लागलं. दोघांत सतरा महिन्यांचं अंतर. आम्ही वसईचे. भावाची थोडी केळीची बाग आणि भाजीची वाडी आहे, आणि यंदा पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळल्याने वाडीतली निम्मी भाजी आडवी झाली. दादरला पहाटेच्या लोकलने जाणाऱ्या पाट्या कमी झाल्या की घरात सगळंच कमी होतं. नव्या कपड्यांचं झालं, फराळाचं सामान झालं, नाताळच्या गोठ्याच्या दिव्यांची माळ मागच्या वर्षीचीच लावायचं ठरलं, आणि भाऊ मला म्हणाला, “ताई, दोघांच्या भेटीचं यंदा हजारात बसव.”

हजारात बसतं. ते कसं, हे मला सांगायचं आहे, कारण पाठोपाठची मुलं असलेल्या किती तरी घरांत हाच हिशेब चाललेला असतो आणि त्यात पैशांपेक्षा अवघड असं काही तरी असतं.

मुलांमध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर असलं की भेटी आपोआप वेगळ्या होतात. एकाला कंपासपेटी, दुसऱ्याला खुळखुळा; कोणी कोणाचं मोजत नाही. जुळ्यांना सरळ एकसारखं देता येतं. सतरा महिन्यांचं अंतर मात्र फसवं. दोघांना हवं तेच असतं, दोघांना जमतंही जवळजवळ तेच, आणि त्या ‘जवळजवळ’पाशीच रडारड होते. ती कात्रीने रेषेवरून कापते, त्याची कात्री रेष सोडून जाते. तिला आकडे ओळखता येतात, तो ओळखल्यासारखं करतो. तिच्या वाट्याला घरात एकटं असण्याचे सतरा महिने आले, ते तिला आठवतही नाहीत. त्याच्या वाट्याला असा एक दिवसही आलेला नाही. तो जन्मला तेव्हापासून त्याच्या अंगावरचं झबलं, त्याचा पाळणा, त्याची तीनचाकी, सगळं आधी कोणाचं तरी होतं. काटकसरीच्या घरात हे असंच चालायचं आणि त्यात काही वाईटही नाही. तरी नाताळच्या सकाळी तरी त्याच्या हातात असं काही पडावं, ज्याला आधी कोणाचा हात लागलेला नाही, असं मला तळमळून वाटतं.

म्हणून हजारातला पहिला खर्च मी एकेकाच्या स्वतःच्या वस्तूवर करते. ती स्वस्त असली तरी चालेल, पण पूर्ण त्याची हवी. वर नाव लिहिलेली, आणि दुसऱ्याला द्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे असलेली. आपण मोठी माणसं मुलांना ‘दोघांनी मिळून खेळा’ हे इतक्या लवकर आणि इतक्या वेळा सांगतो, की मालकी म्हणजे काय हे कळण्याआधीच त्यांना ती सोडायला शिकवतो. बालवाडीत मी रोज बघते. ज्या मुलाला घरी स्वतःचं म्हणून काही नसतं, ते वर्गातला ठोकळा मुठीत सर्वांत घट्ट धरतं. झुरिकचे अर्थशास्त्रज्ञ एर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लहान मुलांच्या वाटून घेण्याच्या वृत्तीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळ्या-चॉकलेटं वाटायला दिल्यावर तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं स्वतःपुरतं बघतात आणि सात-आठ वर्षांची बहुतेक मुलं समान वाटणी पसंत करतात, असं त्यांना दिसलं. आमची दोघं नेमकी या दोन टोकांच्या मधल्या वाटेवर आहेत. चार वर्षांच्या मुलाने खेळणं दिलं नाही म्हणून त्याला आपमतलबी म्हणणं हे पेरल्यापेरल्या कणसं मोजायला जाण्यासारखं आहे.

स्वतःची वस्तू म्हणजे काय? मागे एकदा दोघांना एकेक छोटी टॉर्च दिली होती, आणि दिवे गेले की त्या घरात त्यांच्याइतकी मिरवणारी माणसं नसत. यंदा तिच्यासाठी भिंग घेतलं आहे, कारण ती वाडीत केळीच्या पानावरचे किडे बघत तासभर बसू शकते. त्याच्यासाठी खऱ्या कामाची छोटी पाण्याची झारी. तो आजोबांच्या मागे मागे फिरतो आणि त्याला रोज मोठी झारी ओढायची असते. दोन्हींची किंमत सारखी नाही. झारी थोडी महाग पडली. ते त्यांना कळणार नाही, आणि कळण्याची गरजही नाही.

त्यांना कळतं ते नगांनी आणि आकाराने. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे, की साधारण सातच्या आतलं मूल लांब पसरलेल्या रांगेतल्या गोट्या जास्त समजतं, मग जवळजवळ ठेवलेल्या रांगेत तितक्याच गोट्या का असेनात. प्रत्येक आईला हे पियाजेशिवायही ठाऊक असतं. पोळीचे चार तुकडे केले की पोळी वाढते. या वयात तीनशे रुपयांचं एक खेळणं आणि पन्नास-पन्नासच्या तीन वस्तू यांची तुलना मूल किमतीने करीत नाही. एकाला एक पुडकं आणि दुसऱ्याला तीन, हा त्याच्या दृष्टीने उघड अन्याय असतो. म्हणून दोघांची पुडकी मोजून सारखी आणि शक्यतो सारख्या आकाराच्या खोक्यांत. बुटांची दोन रिकामी खोकी आणि खाकी कागद एवढ्यावर भागतं. हजारात बसवायचं म्हटलं की हे ज्ञान फार उपयोगी पडतं.

दुसरा खर्च दोघांमधल्या खेळावर. इथे मात्र निवड करताना मी फार विचार करते, कारण पाठोपाठच्या भावंडांत बुद्धीचा किंवा हाताच्या कौशल्याचा कुठलाही खेळ आणला की थोरलं जिंकत राहतं. कॅरमची सोंगटी, बॅटबॉल, शब्दांचे खेळ, सगळीकडे सतरा महिने पुढे असतात. रोज हरणारं मूल खेळ उधळतं आणि रोज जिंकणारं मूल त्याला रडका म्हणतं. मग मोठी माणसं थोरलीला सांगतात, ‘दे गं त्याला जिंकू.’ ते दोघांचाही अपमान करणारं आहे. यावर आपल्या जुन्या घरांत उत्तर होतं. सापशिडीच्या फाशाला वय कळत नाही. नव्याण्णववरून खाली येण्याची वेळ तिच्यावरही येते आणि त्याच्यावरही. पत्त्यांतला भिकार-सावकार तर याहून सरस, कारण त्यात पान ओळखण्यापलीकडे काहीच लागत नाही. पाच वर्षांची मुलगी साठ वर्षांच्या आजीला भिकारी करू शकते आणि दुपार संपायच्या आत आजी पुन्हा सावकार होते. जोड्या लावण्याच्या पत्त्यांतही, पालथी पानं आठवण्यात, धाकटी मुलं मोठ्यांना हरवताना मी वर्गात पुष्कळदा पाहिली आहेत. पत्त्यांचा एक कॅट आणि पुठ्ठ्याची सापशिडी दीडशेच्या आत येते. भेटवस्तू म्हणून ती दुकानात डोळ्यांत भरणारी नव्हे, पण जानेवारीत घरात काय उरलं आहे ते बघावं. बॅटरीवर पळणारी गाडी तोवर पलंगाखाली गेलेली असते.

याच जातीची आणखी एक भेट, जिला जवळजवळ खर्चच नाही: काडेपेटीच्या टेलिफोनची. दोन रिकाम्या काडेपेट्या आणि लांब दोरा, बस. काडेपेटी डिसेंबर २०२१ मध्ये एक रुपयाची दोन रुपयांना झाली, तरी परवडते. दोरा ताणलेला असेल तरच आवाज त्यातून जातो, म्हणजे दोघांना एकमेकांपासून योग्य अंतरावर, आपापलं टोक धरून उभं राहावं लागतं. हे खेळणं एकट्याला खेळताच येत नाही. ते हिसकावून घेऊन उपयोग नाही, कारण हिसकावलं की ते बंद पडतं. भांडणाऱ्या भावंडांसाठी याहून शहाणं खेळणं मला माहीत नाही. अरविंद गुप्तांनी आयुष्यभर हेच काम केलं. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची वॉलट्यूब जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायला मुलांना शिकवू लागला, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंमधून शेकडो खेळणी करून दाखवली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि मोफत वाचता येतात. ती वॉलट्यूब सायकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते.

आता लाकडी ठोकळ्यांविषयी थोडं अधिक लिहायला हवं, कारण पाठोपाठच्या मुलांसाठी माझ्या मते ती सर्वश्रेष्ठ भेट आहे. ठोकळे वाटून दिले तर ते प्रत्येकाचे होतात, आणि एकत्र केले तर मनोरा दुप्पट होतो. एकत्र येण्यात दोघांचा उघड फायदा आहे, ते कोणी सांगावं लागत नाही. बालशिक्षणाचा आरंभ ज्या माणसापासून मानतात, त्या जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला आपली संस्था काढली तेव्हा मुलांसाठी खेळण्यांचे संच केले आणि त्या संचांना ‘भेटी’ म्हटलं. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू. तिसऱ्या भेटीत एक लाकडी घन, आठ छोट्या घनांत कापलेला. एवढंच. बालवाडीच्या मुळाशी आठ लाकडी तुकडे आहेत ही गोष्ट मला फार धीर देते.

आणि आमच्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडकांनी ते काम आणखी पुढे नेलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी. माँटेसरी शिक्षणपद्धतीची परदेशी साधनं परवडणारी नव्हती. मग बिया, शिंपले, पानं, फुलं, काड्या, बांबूचे तुकडे यांतून मोजायला, लावायला, जोडायला साधनं झाली. त्या दोघींनी गरिबांच्या मुलांना दुय्यम काही दिलं असं मी मानत नाही. गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा खरखरीत शिंपला बोटांना जास्त शिकवतो, हे मी वर्गात रोज बघते.

तेव्हा ठोकळ्यांसाठी मी दुकानात जात नाही. फर्निचरचं काम चालू असेल तिथल्या सुतारदादांना सांगून ठेवते. सागवानाचे, फणसाचे तुकडे ते गोणीत टाकून ठेवतात. अर्धे त्यांच्याच यंत्रावर सारख्या मापात कापूनही देतात. नंतर पॉलिश पेपरने कडा घासायच्या. पॉलिश, रंग काही लावायचं नाही, फक्त खोबरेल तेलाचा हात. घरातली माणसं रात्री मुलं झोपल्यावर बसली तर दोन-तीन रात्रींत साठ ठोकळे होतात. यंदा भाऊ आणि भावजय दोघंही बसली. भावजय एका ठोकळ्याची कड गालाला लावून बघत म्हणाली, “ताई, हे तर साबणासारखं झालं!” तीस एका खोक्यात, तीस दुसऱ्यात.

स्वस्तात एक धोकाही असतो, आणि त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. आमच्याकडे कार्तिक वद्य एकादशीपासून निर्मळची जत्रा भरते. नाताळ त्यानंतर महिनाभराच्या आसपास, म्हणून आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांतली बरीच खेळणी जत्रेतच घेतली जातात. भोवरा, पिपाणी, मातीची चूल, लाकडी पोळपाट-लाटणं हे सगळं तिथून डोळे मिटून घ्यावं. पण चमचमणारी, वाजणारी, बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारी स्वस्त खेळणी चार वर्षांच्या मुलाच्या घरात नकोत. तो सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजायला सुरुवात होते. झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं परत ठेवा. सुटे चुंबकही नकोत. दोन गिळले गेले तर पोटात आतड्याची भिंत मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. प्लास्टिकचं किंवा विजेचं काही घेताना ते चिन्ह शोधावं, आणि दुकानदार वैतागला तरी शोधावं.

पुस्तकांना दोनशे रुपये. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची छोटी पुस्तकं दोघांनाही कळतात, कारण ‘राधाचं घर’ ऐकताना तो चित्रं बघतो आणि ती अक्षरं लावते. खेळ सोडले तर पुस्तक ही एकच अशी वस्तू आहे, जी मी दोघांत मिळून एक देते. तिला वाचून दाखवायला कोणी तरी लागतं आणि त्याला वाचणारं कोणी तरी लागतं.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारनंतर थोड्या दिवसांनी मी दोघांना एकेक करवंटी दिली. त्यात माती, आणि मातीत नाचणी. गोठ्यात बाळ येशूभोवती हिरवळ लागते ती अशी घरातच उगवतात. करवंटीवर खडूने नाव. ही भेट नाताळच्या आधीच मिळते, तिच्यासाठी थांबावं लागत नाही, उलट तीच थांबायला शिकवते. त्याची करवंटी आधी उगवली, कारण झारी मिळायच्या आधीच तो ओंजळीने पाणी घालत होता. तिची दोन दिवस मागे राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण तिने त्याची करवंटी आपल्या बाजूला ओढली नाही. मी कोणाची समजूत घातली नाही. दोन दिवसांनी तिचीही उगवली.

एवढं सगळं ठरल्यावर भावाने हळूच सायकलीचा विषय काढला. तिला सायकल हवी आहे. शेजारच्या गल्लीतून एक जुनी, चांगल्या अवस्थेतली मिळत होती, आणि तो म्हणाला, “पैसे मी कसे तरी करतो. नाताळलाच देऊ. तिचं मन आहे.”

मी नको म्हटलं. आणि त्याला निकोलसची गोष्ट सांगितली, जी त्यालाही ठाऊक होती. ज्या संताच्या नावावरून आपला सांता आला, तो चौथ्या शतकातला मायराचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं गाव. तिथे एका कफल्लक बापाच्या तीन मुली, हुंड्याअभावी लग्नं अडलेली. निकोलसने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली आणि थोरलीचं लग्न झालं. ते झाल्यावर दुसरी थैली, मग तिसरी. दंतकथाच आहे, पण मला त्यातली रीत मोलाची वाटते. तिघींना सारखं मिळालं आणि प्रत्येकीला तिच्या वेळेला मिळालं. तिन्ही थैल्या एका रात्री टाकल्या असत्या तर कदाचित कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण एक थैली एका रात्री तिघींसमोर एकीच्याच हातात दिली असती तर बिघडलं असतं. नाताळ दोघांचा सामाईक दिवस आहे. त्या दिवशी सारखं द्यावं. वेगळं, मोठं, एकाचंच असं जे असेल, ते त्याच्या वाढदिवसाला द्यावं.

भाऊ थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “लूकच्या शुभवर्तमानातला तो थोरला आठवतो का? घर सोडून परत आलेल्या उधळ्या भावासाठी पुष्ट वासरू कापलं, आणि हा शेतावरून येऊन बापाला म्हणतो, मला कधी साधं करडूसुद्धा दिलं नाहीत.” मला हसू आलं नाही. माझा भाऊ आमच्या घरातला धाकटा, आणि त्याला त्या थोरल्याची बाजू आठवावी, याने मला भरून आलं. बापाने तुझं-माझं एकच आहे असं त्या मुलाला समजावलं, ते खरंच असेल. पण त्याला करडू हवं होतं ते मित्रांबरोबर खायला, स्वतःचं म्हणून. सगळं तुझंच आहे, हे वाक्य घरातल्या सगळ्यांत आज्ञाधारक मुलाला नेहमीच अपुरं पडतं.

तर सायकल मार्चमध्ये. तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी लपवाछपवी केली नाही. नाताळला काय मिळेल ते गुपित, पण सायकल वाढदिवसाला, हे तिला सरळ सांगितलं. तिने बोटांवर महिने मोजले, चार बोटं धरली, एक सोडलं, तीन झाली. मग तिने विचारलं, “आत्या, मी मोठी झाले की सायकल त्याला द्यायची का?”

“सायकल तुझी असेल. ते तू ठरवायचं.”

“आणि नाही दिली तर?”

“तर नाही दिली. त्याच्या वाढदिवसाला आपण त्याचं वेगळं बघू.”

ती बराच वेळ विचार करत होती. “मग मी देणार नाही,” असं तिने ठामपणे सांगितलं, आणि टेलिफोनचं आपलं टोक घेऊन त्याला हाक मारायला अंगणात पळाली.